‘सोशिक’ – कशावरून?

मैत्रिणींनो,

सहावी-सातवी-आठवीच्या मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो : अमुक पात्राचे स्वभावविशेष लिहा. आपण सगळ्यांनी तो सोडवला आहे. हल्ली त्याला आकृतीचं रूप आलं आहे. मधोमध पात्राचं नाव, भोवती चार चौकोन, प्रत्येक चौकोनात एक विशेषण. पात्र आई असेल तर प्रेमळ, सोशिक, कष्टाळू, त्यागी. मुलगा असेल तर धाडसी, हुशार, प्रामाणिक, जिद्दी. चौकोन भरले की गुण मिळाले. धडा वाचला काय अन् न वाचला काय, उत्तर बरोबरच येतं.

मारहाण, पोटगी, दारूचा गुत्ता, सातबारावर बाईचं नाव हे सगळे प्रश्न दारात उभे असताना संपादकीयाची जागा शाळेतल्या चार गुणांच्या प्रश्नाला का द्यायची, असं काही जणींना वाटेल. मला वाटतं, हा प्रश्न त्या सगळ्या प्रश्नांच्या आधीचा आहे. बाईकडे बघून, तिला न विचारता, तिच्या कपाळावर एक शब्द चिकटवायचा, ही सवय आपण बारा वर्षांच्या मुलांना पेपरातून लावतो. त्याला गुणही देतो. पुढे हीच मुलं जावई होतात, सासवा होतात, पोलीस पाटील होतात, पंच होतात. आणि ज्या मुलीने चौकोनात ‘सोशिक’ लिहून गुण मिळवले, तिला सोसणं हा गुण आहे हे वेगळं शिकवावं लागत नाही.

गेली दोन वर्षं आमच्या गटातल्या तिघी-चौघी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या काही शाळांमध्ये शनिवारी जातो. गुरुजींनी किंवा बाईंनी दिलेला एक तास, सहावी ते आठवीची मुलं, आणि एक गोष्ट. एवढंच काम. त्या कामातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडते.

आधी मुलं कोण ते सांगायला हवं. मुंबई-पुणे रेल्वे आणि द्रुतगती मार्ग या दोन तालुक्यांतूनच जातात. खिडकीतून डोंगर दिसतात, फार्महाऊसच्या कमानी दिसतात. वाड्या दिसत नाहीत. ठाकूर आणि कातकरी वाड्यांतली मुलं चौथी-पाचवीपर्यंत वाडीजवळच्या शाळेत जातात. पुढे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असली की चालते. डोंगरउतारावरचे, ओढा ओलांडून जायचे, पावसाळ्यातले तीन किलोमीटर सातवीतल्या मुलीला एकटीने कसे वाटतात हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. सोबत पोरंही जातात. म्हणजे ज्या मुलीला आपण गोष्टीतली माणसं वाचायला शिकवणार, ती आपल्या हाती जूनपासून दिवाळीपर्यंतच असते. त्यातली कुणी पुढच्या जूनला परत येते. कुणी येत नाही, तिचं लग्न ठरलेलं असतं. म्हणून हे काम सावकाशीने करण्यासारखं नाही.

सुरुवात आम्ही पुस्तकातल्या धड्याने केली नाही. चिऊ-काऊच्या गोष्टीने केली. ही गोष्ट येत नाही असं मूल आम्हाला भेटलं नाही. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो चिऊच्या दारात येतो, आणि चिऊ दार उघडायचं लांबवत राहते. शेवट घरोघरी निराळा. मोठी मुलं आधी हसली, ही तर बालवाडीतली गोष्ट. मग फळ्यावर दोन नावं लिहिली आणि स्वभाव विचारला. उत्तर एका सुरात आलं : चिऊ नीटनेटकी, काऊ आळशी.

आम्ही विचारलं, कशावरून?

वर्ग गप्प झाला. काऊ आळशी आहे असं गोष्टीत कुठे आहे? त्याने घर बांधलं होतं की नव्हतं? बांधलं होतं. मग? बऱ्याच वेळाने मागच्या रांगेतली एक मुलगी बोलली. तिचं म्हणणं असं की, ज्याला जे मिळतं त्याचं तो घर बांधतो. काऊला मेण कुणी दिलं नसेल. दर पावसाळ्यात जिच्या घरावर ताडपत्री ओढावी लागते तिचं हे वाचन होतं. लगेच दुसरी म्हणाली, चिऊ वाईट नाही. ती घरात एकटी आहे, पदरात पोर आहे. भर पावसात बाहेरून हाक मारणाऱ्याला एकट्या बाईने दार का उघडायचं? तिसरा एक मुलगा म्हणाला, मग तिने तसं सरळ सांगावं, बाळाची अंघोळ नि पावडर कशाला सांगते? त्यावर पहिल्या दोघी एकदम म्हणाल्या, सरळ नाही म्हणता येतं का?

मैत्रिणींनो, पात्राचा अभ्यास म्हणजे आणखी वेगळं काय असतं? गोष्ट तीच, शब्द तेच. पण कुणाच्या हातात कोणतं साधन होतं, कुणाला कशाची भीती होती, कोण जे बोलतं त्यामागे काय बोलत नाही, हे सगळं त्या पंधरा मिनिटांत बाहेर आलं. दोन्ही मुलींची वाचनं एकमेकींच्या विरुद्ध होती आणि दोन्ही गोष्टीला धरून होती. ‘आळशी’ तेवढं गोष्टीला धरून नव्हतं. ते वर्गातल्या प्रत्येकाने कुठून तरी आणलेलं होतं.

त्यानंतर आम्ही ‘श्यामची आई’ घेतलं. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ साली ते छापून आलं. मराठी शाळेत आईचं पात्र म्हटलं की तेच पुढे येतं, आणि ‘सोशिक’ हा शब्द जिला सर्वांत आधी चिकटतो तीही हीच बाई. मुलांनी चौकोन भरले : प्रेमळ, सोशिक, संस्कारी, त्यागी. आम्ही म्हटलं, छान. आता या बाईला राग कुठे येतो ते शोधा.

मुलं पुस्तकावर तुटून पडली. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला शिंपटीने मारत विहिरीवर धाडणारी आई त्यांना सापडली, आणि फार आवडली. दारात येऊन अपमान करणाऱ्या सावकाराच्या माणसापुढे येऊन त्याला खडसावणारी आई सापडली. मग प्रश्न आला, ही बाई सोशिक आहे का? वर्गात दोन तट पडले. ‘आहे’ म्हणणारे तिचं आजारपण, गरिबी, मुकाट काम दाखवू लागले. ‘नाही’ म्हणणारे सावकाराचा प्रसंग. शेवटी एका मुलीने तोड काढली : ती स्वतःसाठी सोसते, घराच्या अब्रूवर आलं की सोसत नाही. हे वाक्य कुठल्याही गाईडात नाही. त्यात एक विशेषण नाही, पण बाई दिसते.

मग आम्ही विचारलं, ही गोष्ट सांगतंय कोण? मुलगा. कधी सांगतोय? ती गेल्यावर, मोठेपणी, आश्रमातल्या सोबत्यांना रात्री बसून. म्हणजे आई आपल्याला दिसते ती मुलाच्या आठवणीतून, मुलाच्या ऋणातून. पुस्तकाच्या नावातही ती स्वतःच्या नावाने नाही, श्यामची आई म्हणून आहे. साने गुरुजींच्या आईचं नाव यशोदाबाई, हे सांगितल्यावर वर्गातल्या बऱ्याच मुलांनी ते पहिल्यांदा ऐकलं. तिने स्वतः ही गोष्ट सांगितली असती तर कोणती रात्र आधी सांगितली असती? हा प्रश्न आम्ही घरी न्यायला दिला. उत्तरासाठी काही मुलींनी आपल्या आईला विचारलं, तू असतीस तर काय सांगितलं असतंस? आयांनी काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. पण विचारलं गेलं, हे महत्त्वाचं.

याच पुस्तकात श्याम आईच्या हाताखाली घरकाम करतो, आणि बायकांची म्हणून ठरवलेली कामं पुरुषाने करण्यात कमीपणा नाही असं गुरुजींनी ‘अर्धनारी नटेश्वर’ या प्रकरणात मांडलं आहे. श्यामचे स्वभावविशेष लिहिताना ‘मातृभक्त’ सगळे लिहितात, घरकाम करणारा हे कुणी लिहीत नाही. आमच्या वर्गात एका मुलाने ते लिहिलं, बाकीचे हसले. तो म्हणाला, पुस्तकात आहे. हसणं थांबलं. पुराव्याचा हा उपयोग मुलग्यांनाही होतो. ‘रडका’, ‘बायल्या’ हे शब्द खाऊन वाढलेल्या मुलग्यांना तर फारच.

तिसरी गोष्ट खालापूरच्या मातीतली. चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने मोगल सरदार कारतलबखानाला कोंडीत पकडलं. शाहिस्तेखानाने पुण्याहून त्याला कोकणात धाडलं होतं; घाट उतरून दाट रानात शिरला आणि अडकला. पुढची वाट बंद, मागची बंद, पाण्याचे हाल. हा प्रसंग कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात सविस्तर आला आहे. आपल्या तालुक्यात ही लढाई झाली हे मुलांना माहीत असतं. खानाच्या सैन्यात एक बाई सरदार होती हे फार थोड्यांना माहीत असतं. ती माहूरची रायबागन. काव्यात, सगळं संपत आलेलं असताना खान तिला सल्ला विचारतो. ती त्याला तोंडावर सांगते की या रानात सैन्य घालून तू चूक केलीस, आता शरण जा, आपली माणसं वाचव. खान ऐकतो. खंडणी भरून त्याचं सैन्य परत जातं.

मुलांना विचारलं, रायबागन कशी होती? मुलगे म्हणाले, घाबरट. एक म्हणाला, ती शत्रू होती, तिचा स्वभाव कशाला बघायचा? दुसरा म्हणाला, बाई होती म्हणून शरण जा म्हणाली.

पुन्हा तेच, कशावरून? मग आम्ही फळ्यावर सहा ओळी लिहिल्या. त्या मी इथे मुद्दाम देते, कारण त्या कुठल्याही वर्गात, कुठल्याही पात्राला चालतात.

एक, ती काय करते?
दोन, ती काय बोलते, आणि कुठे गप्प राहते?
तीन, इतर तिच्याबद्दल काय बोलतात, आणि तसं बोलण्यात त्यांचा काय फायदा आहे?
चार, तिला काय हवं आहे?
पाच, तिच्यापुढे वाटा किती होत्या?
सहा, ही गोष्ट सांगतंय कोण, आणि कुणाला?

रायबागनला या सहा ओळींतून काढल्यावर काय झालं पाहा. ती काय करते? सेनापतीला त्याची चूक सांगते. घाबरट माणूस सेनापतीला चूक सांगेल का? वर्ग म्हणाला, नाही. वाटा किती होत्या? लढून सगळ्यांनी मरायचं, तहानेने मरायचं, की शरण जायचं. तिला काय हवं होतं? माणसं जिवंत परत न्यायची होती. ती बाई होती म्हणून शरण जा म्हणाली का? मग खान पुरुष असून तिचं ऐकून शरण गेला, त्याचं काय? आणि सहावी ओळ सर्वांत गंमतीची. गोष्ट सांगणारा कवी शिवाजी महाराजांच्या बाजूचा. तरीही शत्रूच्या गोटातलं सर्वांत शहाणपणाचं बोलणं त्याने एका बाईच्या तोंडी घातलं. का? तिचा मान राखायला? खानाची फजिती वाढवायला, की बाईला कळलं ते याला कळलं नाही? एक मुलगी म्हणाली, दोन्ही असेल. आम्हालाही दुसरं उत्तर सुचलं नाही.

भाई कोतवालांच्या बाबतीतही असंच झालं. माथेरानचे भाई कोतवाल आणि कर्जत तालुक्यातले हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मे झाले. या भागातल्या मुलांना ही कथा पाठ असते. सहा ओळी वापरायची सवय लागलेल्या एका वर्गात एकाने आपण होऊन विचारलं, डोंगरात राहणाऱ्या या माणसांना भाकरी कोण द्यायचं? गोष्टीत जी पात्रं नाहीत त्यांच्याविषयी प्रश्न पडू लागले, की समजावं, मूल वाचायला लागलं.

आता शब्दांविषयी. आम्ही मुलांना एक खेळ देतो. एकच कृती सांगायची, एकदा मुलाच्या नावाने, एकदा मुलीच्या. मोठ्या माणसाला उलट उत्तर दिलं. मुलगा असेल तर ‘तडफदार’, मुलगी असेल तर ‘तोंडाळ’. ठरवलेलं सोडलं नाही. तो ‘जिद्दी’, ती ‘हट्टी’. चार लोकांत मिसळला तो ‘मनमिळाऊ’, मिसळली ती – इथे वर्गात हशा होतो, मुली खाली बघतात, आणि शब्द कुणी मोठ्याने म्हणत नाही. या जोड्या मुलांना शिकवाव्या लागत नाहीत, त्यांना त्या आपल्यापेक्षा जास्त येतात. फळ्यावर समोरासमोर लिहून ठेवल्या, की पुढे काही बोलावं लागत नाही.

हे सगळं साहित्यापुरतं राहत नाही म्हणून तर मी लिहिते आहे. मराठीत दोन शब्द आहेत : व्यक्तिरेखा आणि चारित्र्य. पुरुषाचं चारित्र्य म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा, शब्दाला जागणं, पैशाचा व्यवहार. बाईचं चारित्र्य म्हणजे एकच गोष्ट, ती कोणती हे तुम्हाला सांगायला नको. या एका शब्दाने आपले किती खटले बुडाले! १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सत्र न्यायालयाने मुलीला खोटारडी ठरवलं, तिला शरीरसंबंधांची सवय होती असं म्हटलं आणि आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिचा विरोध नव्हता, असा अर्थ काढला. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्रातून देशभर आपली चळवळ कशी उभी राहिली हे या पानांच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. मला एवढंच दाखवायचं आहे की त्या चौघांनी केलं ते काम वाचनाचं होतं. त्यांनी निकालपत्र बारकाईने वाचलं आणि विचारलं, ही संमती होती, कशावरून? बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार बाई ‘सामान्यतः अनैतिक चारित्र्याची’ आहे असं दाखवायची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम मात्र २००२ च्या दुरुस्तीपर्यंत टिकलं. कायद्यातून ते गेलं. बैठकीतून, चौकीतून, सोयरिकीतून गेलेलं नाही.

आणि हे वाचन आपल्याला परकं नाही. तेही कुणी बाहेरून आणलेलं नाही. १८५५ साली मुक्ताबाई या मांग समाजातल्या शाळकरी मुलीने, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या विद्यार्थिनीने, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. आपल्या सहावी-सातवी-आठवीच्या मुलींहून ती फार मोठी नव्हती. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रं समस्त बायकांच्या नीतीवर प्रवचनं झोडत होती, त्याला ते उत्तर होतं. पण त्या लहानशा पुस्तकात ताराबाई आणखी एक काम करतात. त्या काळी आवडीने वाचल्या जाणाऱ्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्या, ‘मनोरमा’ नाटक, अशा पुस्तकांतल्या बायका त्या समोर घेतात आणि लिहिणाऱ्यांना जाब विचारतात, बायका अशा असतात हे तुम्हाला कुणी सांगितलं? मराठीत पात्रांचा बायकांच्या बाजूने झालेला हा पहिला अभ्यास म्हणायला मला संकोच वाटत नाही. आपण शाळेत करतो ते त्याच वाटेवरचं पाऊल आहे.

काही शिक्षक मित्रांनी आणि एक-दोन कार्यकर्त्यांनीही शंका काढल्या. त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिली शंका, गोष्टीला गोष्ट राहू द्या, तिचं भाषण करू नका. ही शंका मला रास्त वाटते. म्हणूनच वर्गात आम्ही निष्कर्ष सांगत नाही. ‘सोशिक’ पुसून त्या जागी ‘पीडित’ लिहिलं, किंवा ‘बंडखोर’ लिहिलं, तर चिठ्ठी बदलली, चिकटवणं तसंच राहिलं. सासू म्हणजे दुष्ट, नवरा म्हणजे दारुडा अशी पुठ्ठ्याची माणसं उभी करणं हे पथनाट्यात निभावतं, वाचनात निभावत नाही. मुलं गोष्टीतून पुरावा काढून आपल्याला न पटणारं उत्तर देतील, तर त्यालाही पूर्ण गुण द्यायला हवेत.

दुसरी शंका, परीक्षेत चार चौकोनच भरायचे आहेत. भरा की. पण प्रत्येक चौकोनाखाली एक ओळ जास्त लिहा : कारण धड्यात ती अमुक करते. गुण कमी होत नाहीत, असं आमच्याबरोबर काम करणाऱ्या बाईंचा अनुभव सांगतो. उलट उत्तर भरघोस दिसतं. पाठ्यपुस्तकं बदलत नाहीत असंही नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर भाजी निवडणारे बाबा चित्रात आले, त्याची बातमी झाली, चर्चा झाली. चित्र बदललं ते चांगलंच झालं. चित्राखालचा प्रश्न आपण बदलू या.

तिसरी शंका खरी अवघड आहे. वाडीवरची मुलं बोलतच नाहीत. त्यांच्या घरची बोली निराळी, पुस्तकाची मराठी निराळी. ‘स्वभावविशेष’ हा शब्दच त्यांना परका. शिक्षक समजतात पोर मठ्ठ आहे. इथेही तेच, कशावरून? आम्ही त्यांना त्यांच्या बोलीत बोलू दिलं, त्यांच्या आजीची गोष्ट वर्गात आणायला सांगितली, तेव्हा काऊच्या बाजूने पहिला हात त्यांचा वर आला. आदिवासी म्हटलं की ‘भोळा’ हा एकच चौकोन भरणाऱ्या मोठ्या माणसांनी त्या तासाला बसायला हवं होतं.

तर मैत्रिणींनो, करायचं काय? शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. म्हणजे आपल्या गटांतल्या कितीतरी जणी त्या समितीवर आहेत, निदान कागदावर. पुढच्या बैठकीत इमारत, पोषण आहार, शौचालय हे विषय झाले की आणखी एक मागा : आठवड्यातला एक तास, गोष्टीतल्या माणसांसाठी. भट्टीचा हंगाम सुरू व्हायच्या आत, जूनमध्येच मागा. बरोबर जायला तुमच्यातली एक जण पुरे, ती शिकलेलीच हवी असं नाही. आजीची गोष्ट सांगता येणारी आणि ‘कशावरून?’ विचारता येणारी हवी. वरच्या सहा ओळी फळ्यावर लिहा, न पटतील त्या बदला.

आणि आम्हाला कळवा. मुलांची नावं गाळून त्यांची उत्तरं पाठवा. पुढच्या अंकात दोन पानं त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत. शाळेतून नाव कमी झालेल्या मुलींनाही विसरू नका. बचत गटाच्या बैठकीला आईबरोबर येऊन कोपऱ्यात बसणारी चौदा वर्षांची मुलगी तुम्हाला माहीत असेल. तिच्याबद्दल वाडीत एव्हाना दोन-तीन शब्द ठरले असतील. तिला एखादी गोष्ट वाचून दाखवा, आणि त्यातल्या बाईबद्दल तिचं काय मत आहे ते विचारा.

पत्रांची वाट पाहते.

तुमची,
संपादक